बिबट्या फक्त वनखात्याचा विषय आहे का? आमच्या वाडीत सगळी खाती एका सभामंडपात बसली त्याबद्दल

घोडकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण हंगाम चालू होता, आता जरा उसंत मिळाली म्हणून बसलोय. मी शिरूर-आंबेगावच्या शिवेवरचा, घोड नदीच्या काठचा. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली काही तक्रारी पण येतील आणि ती माणसं रोज भेटणारी आहेत.

आमच्याकडं बिबट्या नवीन नाही. डिंभे धरणाचं पाणी कालव्याला आलं, बाजरी-मटकी जाऊन ऊस आला, आणि उसात तो आला. आमची म्हातारी माणसं अजून त्याला वाघच म्हणतात. आता तर बिबट्यांची अशी पिढी आहे की जिनं जंगल बघितलेलंच नाही, उसात जन्मली आणि उसातच वाढली. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असे चार तालुके येतात आणि २०२४ मध्ये पुणे जिल्हा प्रशासनानं यातली २३३ गावं बिबट आपत्तीप्रवण म्हणून जाहीर केली. म्हणजे सरकारनंच मान्य केलं की हे पुरासारखं संकट आहे, एकट्या वनखात्यानं निस्तरायचं काम नाही. पण तो कागद गावात उतरवायला कुणीतरी लागतं.

आमच्याकडं ते एका विहिरीमुळं झालं. मागच्या वर्षी पौषात सकाळी सकाळी एकाच्या जुन्या विहिरीत बिबट्या पडलेला दिसला. कठडा नसलेली विहीर, खोल. मोटरच्या पाइपला पुढचे दोन्ही पाय कवळून तो लटकला होता, कान मागं पडलेले, तोंड उघडं, नुसता धापत होता. रेस्क्यू टीम निघाली होती पण पोचायला दोन-अडीच तास. तेवढ्यात मोबाईलवर व्हिडिओ फिरला आणि आजूबाजूच्या गावांतनं माणूस लोटला, गाड्या लावायला जागा नाही, पोरं झाडावर. जाणत्या लोकांनी बाजेला चार बाजूंनी दोर बांधून खाली सोडली, तो बाजेवर चढला पण, आणि वरनं कुणीतरी दगड मारला, शिट्ट्या सुरू झाल्या, परत पाण्यात. पोलिसांना फोन केला तर सांगितलं वनखात्याला कळवा, वनखात्याची त्या वेळी जागेवर दोनच माणसं, ती काय एवढी गर्दी आवरणार. मग विहिरीच्या तोंडाची माती ढासळली आणि एक पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं कमरेपर्यंत आत गेलं, शेजारच्यानं शर्टाला धरून ओढलं म्हणून वाचलं. त्या शर्टाची बटणं तुटलेली मी डोळ्यांनी बघितली. दुपारी पिंजरा उतरवून बिबट्या सुखरूप बाहेर काढला, पण मला रात्री झोप लागली नाही ती त्या पोराच्या आठवणीनं.

त्याच आठवड्यात आमच्या पोलीस पाटलांनी मारुतीच्या देवळात बैठक बोलावली. वनरक्षक, वायरमन आणि त्यांचे इंजिनिअर साहेब, साखर कारखान्याचा चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा), ग्रामसेवक, पोलीस ठाण्याचे बीट अंमलदार, शाळेचे गुरुजी, जनावरांचे डॉक्टर. पहिला अर्धा तास एकमेकांकडं बोट दाखवण्यात गेला, खरं सांगतो. नंतर एक गोष्ट अशी निघाली की सगळेच गप्प झाले. वनरक्षकाला माहिती होतं ठसे कुठल्या बांधावर आहेत. वायरमनला माहिती होतं कुठल्या आठवड्यात थ्री फेज, म्हणजे पंपाची लाईट, रातपाळीला येणार, म्हणजे कुठल्या रात्री आम्ही पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला रानात असणार. चिटबॉयला माहिती होतं कुठल्या गटातला ऊस कधी तुटणार, आणि तो तुटला की आतली मादी पिल्लं घेऊन शेजारच्या उभ्या उसात जाणार हे वनरक्षकाला माहिती. शाळेची पोरं त्याच उसाच्या कडेनं चालत जातात हे गुरुजींना माहिती. चौघंजण रोज एकाच टपरीवर चहा पितात आणि हे एकमेकांना कधी सांगितलंच नव्हतं!

त्या दिवसापासनं देवळाच्या भिंतीवर एक फळा आहे. त्याच्यावर पुढच्या आठवड्याची लाईट, तोडीचे गट आणि शेवटचा ठसा कुठं दिसला ते लिहितात. तेच व्हॉट्सअॅपवर पण जातं, पण फळा महत्त्वाचा, कारण ज्या बाया खुरपायला जातात त्यांच्यातल्या निम्म्यांकडं मोबाईल नाही.

तुमच्याकडं कुठं असं काही चालू आहे का? काय चाललं काय नाही, सांगा.


शिवजन्मभूमी

दादा लिहिलंय चांगलं पण मला हे पटत नाही. फळ्यावर नाव लिहून वाघ थांबतो का? माझ्या मावसभावाच्या गोठ्यातनं तीन महिन्यांत दोन वासरं गेली. बैठका, फळे, जनजागृती हे सगळं आम्ही दहा वर्षं ऐकतोय. सगळे पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा, विषय संपला. शहरातल्या लोकांना प्राण्यांचं प्रेम येतं कारण त्यांची पोरं उसातनं शाळेत जात नाहीत.


खाकी_हिरवी

मी वनखात्यातनं रिटायर झालोय, बरीच नोकरी याच पट्ट्यात झाली, म्हणून शिवजन्मभूमी यांना उत्तर देतो. तुमचा राग बरोबर आहे, मी वासरू गेलेल्या घरात पंचनामा करायला उभा राहिलेला माणूस आहे. पण "पकडा आणि लांब सोडा" हे आम्ही करून बघितलंय. २००१ पासून दोन-तीन वर्षं जुन्नर विभागात शंभरावर बिबटे पकडून दुसरीकडं सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशोब मांडला, २०११ साली तो छापून आला. माणसावरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, सोडायचं काम सुरू झाल्यावर ते सरासरी १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, घर शोधत फिरतो, आणि इथं जागा मोकळी झाली की शेजारचा तरणा नर येऊन बसतो. माणसाला चटावलेला असेल तर त्याला पकडावाच लागतो, वेळ आली तर गोळीचाही आदेश निघतो, तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडनं, १९७२ च्या कायद्याप्रमाणं. पण दिसला की उचल हे करून नुसता पिंजरा भरतो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जाऊन या एकदा, जन्मभरासाठी आत पडलेले किती आहेत ते बघा. अजून किती ठेवणार?

दुसरं, वासरांबद्दल. गोठा बंद आहे का ते बघा. तीन बाजूंनी भिंत आणि पुढनं उघडा गोठा म्हणजे त्याला वाढलेलं ताट. आणि जनावर मेलं तर ते ओढून लांब टाकू नका, जागेवर ठेवा, ४८ तासांच्या आत कळवा. डॉक्टरचा दाखला आणि पंचनामा नसेल तर भरपाई अडकते आणि मग शिव्या आम्हाला बसतात. जनावरांचे डॉक्टर त्या बैठकीला होते हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण निम्मी प्रकरणं तिथंच लटकतात.


कोळोशीची_लेक

मी आता निफाडला, सासर. आमच्याकडं गोदाकाठाला हीच तऱ्हा, ऊस आणि द्राक्ष. एक गोष्ट मला कुठल्याच बैठकीत ऐकू येत नाही ती लिहिते. बिबट्या उभ्या माणसावर शक्यतो येत नाही, वाकलेल्या नाहीतर बसलेल्या माणसावर येतो, त्याला ते जनावर वाटतं. आता बघा वाकून किंवा बसून काम कोण करतं? खुरपणारी, घास कापणारी बाई. आणि संध्याकाळी अंधारात बाहेर जाणारी बाई. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उसाच्या अगदी कडेला, संडास नाही, लाईट नाही, आई-बाप पहाटे चारला फडात आणि दोन वर्षांचं लेकरू कोपीच्या दारात गोधडीवर. तो कोणाचा विषय? कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो ग्रामपंचायत, ग्रामपंचायत म्हणते ते आमच्या गावचे मतदार नाहीत. त्या फळ्यावर कोप्या कुठं आहेत ते लिहिता का तुम्ही?


घोडकाठ

ताई, नव्हतं लिहीत. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्रीच पोलीस पाटलांना फोन केला. आमच्याकडं सध्या दोन टोळ्या आहेत. सविस्तर नंतर लिहितो.


डीपीवाला

मी लाईनवर काम करतो. नाव गाव नको. वायरमन लोकांबद्दल कुणीतरी चांगलं लिहिलं म्हणून लिहायचं धाडस करतोय. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या लाईनला, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री फेज असते हे सगळ्यांना माहिती. शेतकरी म्हणतो बिबट्या आहे, दिवसा द्या. द्यायला आमचा विरोध नाही पण सगळ्या फीडरला एकदम दिवसा दिली तर लोड झेपत नाही, म्हणून आलटून पालटून. यावर खरा उपाय म्हणजे सौर फीडर, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी, त्याला जागा लागते आणि ती बहुतेक गावच्या गायरानातनं मिळते. जिथं गावानं भांडण न करता जागा दिली तिथं काम लवकर उभं राहतं, जिथं गायरानावर अतिक्रमण आहे तिथं फाईल फिरत बसते. तेव्हा दिवसाची लाईट पाहिजे असेल तर आमच्या ऑफिसवर मोर्चा काढायच्या आधी ग्रामसभेत ठराव घ्या.

आणि एक, रात्री एक वाजता डीपीचा फ्यूज गेला म्हणून फोन येतो तेव्हा आम्ही पण त्याच उसातनं जातो हो. माझ्या बायकोला विचारा ती रात्र कशी जाते. आता मी गावातल्या दोन माणसांना बरोबर घेतल्याशिवाय डीपीवर जात नाही, एकानं बॅटरी धरायची, एकानं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावायची. साहेब रागावले तरी चालेल.


बोरिवली_पूर्व

मूळचा ओतूरचा, तीस वर्षं मुंबईत. आमच्या सोसायटीची मागची भिंत म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे शहरातल्या माणसाला काय कळतं असं म्हणू नका, आमची पोरं पण संध्याकाळी खाली खेळतात. इकडं २००४ च्या आसपास फार वाईट दिवस होते, एकामागून एक हल्ले. २०११ ला उद्यानाच्या लोकांनी 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) म्हणून काम सुरू केलं, त्यात वनखातं, अभ्यासक, स्वयंसेवक असे सगळे होते आणि त्यांनी एक शहाणपणा केला, पोलिसांना आणि पत्रकारांना आधी बसवून शिकवलं. बिबट्या इमारतीत शिरला तर पोलिसाचं काम बिबट्या पकडायचं नाही, गर्दी मागं सारायची, हे ठरवून दिलं. पालिकेच्या मागं लागून कचरा उचलायला लावला. कचरा म्हणजे कुत्री आणि कुत्री म्हणजे बिबट्या. तुमच्या शेजारी अकोले तालुक्यात अभ्यास झाला होता त्यात बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. घोडकाठ यांच्या विहिरीच्या प्रसंगात जर बीट अंमलदाराला आधीपासून हे माहिती असतं तर ते पोरगं विहिरीच्या तोंडापर्यंत पोचलंच नसतं.

गावाकडं गेलो की बघतो, चिकनच्या दुकानाचा सगळा घाण कचरा ओढ्यात. त्याला ग्रामपंचायत नोटीस का देत नाही?


शिवजन्मभूमी

खाकी हिरवी काका, आकडा माहिती नव्हता, वाचून विचारात पडलो. पण एक सांगा, माणूस गेल्यावर २५ लाख देता, आणि जिवंत असताना गोठ्याला जाळी मारायला म्हणून अर्ज केला तर चपला झिजतात. मावसभावानं अर्ज केलाय, कुठल्या ऑफिसला ते लिहीत नाही, सहा महिने झाले. आधी जाळी द्या ना. पैशानं माणूस परत येत नाही. तो पोरगा रोज रात्री गोठ्यात झोपतो, हातात कोयता घेऊन, अंगावर एक घोंगडी. तेवीस वर्षांचा आहे.


खाकी_हिरवी

बरोबर बोलताय, यावर माझ्याकडं उत्तर नाही. मात्र त्याला गोठ्यात उघड्यावर झोपू देऊ नका, आजच सांगा. आपण आडवं पडलो की आपणही बिबट्यासाठी जनावरच. जाळी येईपर्यंत पुढच्या बाजूला जुने पत्रे, बाभळीच्या काटेरी फांद्या, काहीही लावून तोंड बंद करा, पण वरनं पण बंद करा, तो वरनं उतरतो.


गुरुजी_नाबाद

जिल्हा परिषद शाळेत आहे, पटसंख्या ४१. आमच्या शाळेजवळ मागच्या हंगामात ऊसतोड चालू असताना फडात तीन पिल्लं सापडली, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. मजुरांनी तोड थांबवली, चिटबॉयनं फोन केला, वनखात्याची आणि माणिकडोहची माणसं आली. तपासून त्याच जागेवर क्रेटमध्ये ठेवली, कॅमेरा लावला, आणि रात्री आई येऊन एकेक करून घेऊन गेली. तो व्हिडिओ मी वर्गात दाखवला. पिल्लं उचलून घरी नेली असती तर ती मादी त्या शिवारात चिडून फिरत राहिली असती आणि त्याच शिवारातनं माझी चौथीची पोरं येतात. मुलांना हे एकदा समजलं की ती घरी जाऊन आई-बापाला सांगतात, आणि पोराचं ऐकतात घरात.

पोरांना मी तीनच गोष्टी पाठ करून घेतल्यात, एकटं यायचं नाही, पळायचं नाही, खाली बसायचं नाही. दप्तर डोक्यावर धरून मोठं दिसायचं आणि ओरडत मागं मागं यायचं. रोज परिपाठानंतर करून दाखवतात. एक गोष्ट मात्र माझ्या हातात नाही, एसटीची संध्याकाळची गाडी. हायस्कूलच्या मुली तिनंच येतात, गाडीला उशीर झाला की फाट्यावर अंधारात उतरतात आणि तिथनं वस्ती दीड किलोमीटर. डेपोला अर्ज दिलाय. एसटीवाल्यांना पण बैठकीला बोलवा.


मेंढका

वाचतोय सगळं. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कधी या रानात कधी त्या रानात, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात आम्ही कुठले. वनखात्यानं मागं तंबू आणि सौर दिवे दिले होते काही वाड्यांना, त्याचा उपेग होतो, लेकरं तंबूत झोपली की जीव भांड्यात. पण गावात आलो की कुणी सांगावं तरी, या शिवारात आहे म्हणून. कुणी सांगत नाही. सकाळी मेंढरू गेलं की मग सांगतात, हो हो इथं हायेच.


घोडकाठ

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, उशीर झाला त्याबद्दल माफी.

कोळोशीच्या ताई, रविवारी परत बैठक झाली. चिटबॉयला घेऊन दोन्ही टोळ्यांच्या कोप्या बघून आलो. एक टोळी उसापासून अगदी आठ-दहा पावलांवर होती. ती हलवून शाळेच्या मागच्या पडीक रानात आणली, तिथं खांबावर दिवा आहे, ग्रामपंचायतीनं नळाचं कनेक्शन दिलं, आणि शाळेचा एक संडास शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी उघडा ठेवायचं गुरुजींनी कबूल केलं. दुसऱ्या टोळीचा मुकादम ऐकत नव्हता. मग कारखान्याच्या शेतकी ऑफिसनं फोन केल्यावर ऐकलं. लेकरांसाठी अंगणवाडी ताई म्हणाल्या सकाळी पाठवा, पण पहाटे चार ते नऊ काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. सध्या एक म्हातारी आजी सगळ्या पोरांना एका कोपीत दार लावून बसते.

मेंढका दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. पोलीस पाटलांनी ठरवलंय की शिवारात वाडा उतरला की त्याच दिवशी जाऊन नंबर घ्यायचा आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेत टाकायचा. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ही पोलीस आणि ग्रामपंचायतींनी मिळून वापरायची सोय आहे, एका टोल फ्री नंबरवर फोन करून आपण जे बोलू तेच आपल्या आवाजात गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकदम कॉल होऊन जातं. साधा बटणाचा फोन असला तरी वाजतो, हे व्हॉट्सअॅपपेक्षा लाख पटीनं बरं. आधी चोरांसाठी घेतली होती, आता आमच्याकडं बिबट्यासाठीच जास्त वाजते. फक्त एक नियम केला, स्वतः बघितल्याशिवाय कॉल करायचा नाही आणि जागेचं नाव पहिलं घ्यायचं. मागं एकानं घाबरून नुसतं "आला आला" म्हणून सोडलं आणि आख्खं गाव काठ्या घेऊन दोन दिशांना पळालं.

बोरिवलीकर, तुमचा प्रतिसाद बीट अंमलदारांना वाचून दाखवला. त्यांनी सांगितलं की विहिरीचा किंवा घरात घुसल्याचा कॉल आला तर वनखात्याच्या १९२६ नंबरबरोबर पोलिसांच्या ११२ ला पण करायचा, ते आधी दोर लावून लोक लांब ठेवणार, आणि आमची तरुण पोरं त्यांना मदत करणार. विहिरींची यादी केली, बिनकठड्याच्या १९ निघाल्या. सहा जणांनी स्वतःहून जाळ्या टाकल्या. चिकनवाल्याला खड्डा खणायला लावला, तो अजून कुरकुरतोय. एसटीचं पत्र सरपंचांच्या सहीनं गेलं. शिवजन्मभूमी, तुमच्या भावाच्या गोठ्याचा फोटो मला पाठवा, आमच्याकडं तारेच्या जाळीचा एक तुकडा शिल्लक आहे, साधारण वीस फूट, तो घेऊन मी स्वतः येतो.

डीपीवाले दादा, सौर फीडरच्या जागेचा ठराव पुढच्या ग्रामसभेत ठेवलाय. विरोध होणार हे दिसतंय, गायरानावर दोन घरांचे गोठे आहेत.


शिवजन्मभूमी

फोटो पाठवला. वीस फूट पुरतील. भावाला घरात झोपायला लावलंय.


डीपीवाला

ग्रामसभेची तारीख कळवा, मी ड्युटीवर नसलो तर येऊन बोलतो. नकाशा घेऊन येतो, किती जागा लागते ते दाखवता येईल.


घोडकाठ

तारीख कळवतो. आत्ता फळा लिहून आलो तो इथंही टाकतो, आजूबाजूच्या वाड्यांतलं कुणी वाचत असेल तर उपयोग होईल.

उद्यापासून पाच दिवस लाईट रातपाळीला. वरच्या आळीचा ऊस परवा तुटणार. ताजे ठसे ओढ्याच्या पुलाजवळ, मोठे आणि बारके दोन्ही. वरच्या आळीची पोरं आठवडाभर गुरुजींबरोबर रस्त्यानं येतील, बांधावरनं नाही. पुलापलीकडं मेंढरांचा वाडा उतरलाय, निरोप दिला आहे.